तिसरी तार ओरडते, पहिली दबते: पिकअपमध्ये नक्की कुठे हात घालायचा

तुझा प्रश्न असा, की गिटार स्ट्रॅट टाइपची (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी) आहे, साधारण बजेटमधली, नवरात्रात ऑर्केस्ट्राबरोबर गरब्याला वाजवतोस, नऊची सेट (सगळ्यात बारीक पहिली तार 0.009 इंचाची) लावली आहे, आणि क्लीन टोनवर तिसरी तार सगळ्यांच्या डोक्यावर बसते, पहिली आणि चौथी मागे राहतात. एकाने सांगितलं पिकअप (तारांखालचा, त्यांचं हलणं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा कॉइल-मॅग्नेटचा भाग) रिवाइंड करून, म्हणजे वायर पुन्हा गुंडाळून, टर्न्स (वेढे) वाढव, दुसऱ्याने सांगितलं मॅग्नेट ठोकून वर-खाली कर. मग यातलं काय करायचं?

रिवाइंडिंग तर अजिबात नको. ते आधीच सांगतो, कारण त्यात पैसे जातात आणि नेमका हा प्रॉब्लेम जिथल्या तिथेच राहतो. पिकअपमध्ये कॉइल एकच असते, सहाही तारांना मिळून एक. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलला साधारण साडेसात-आठ हजार टर्न्स असतात, 42 एडब्ल्यूजीची (अमेरिकन मापाची) वायर, म्हणजे आपल्याकडे वाइंडिंगवाले ज्याला 46 नंबर म्हणतात त्याच्या जवळपास, केसापेक्षा बारीक. टर्न्स वाढवलेस तर सहाही तारा एकसाथ मोठ्या होतील आणि वरचा ट्रेबल थोडा मरेल, पण तिसरी आणि पहिलीमधला फरक होता तेवढाच राहील. प्रत्येक तारेला वेगळं असं पिकअपमध्ये एकच आहे, तिच्याखालचा पोल (मॅग्नेटचा किंवा लोखंडाचा छोटा दांडा) आणि त्याचं तारेपासूनचं अंतर. म्हणून जे काही करायचं ते तिथेच.

आता तिसरीच का ओरडते ते नीट समजून घे, कारण ते समजलं की अर्धं काम आपोआप सुचतं. पिकअप तारेचा आवाज ऐकत नाही, तार म्हणजे त्याच्यासाठी मॅग्नेटसमोर हलणारं लोखंड. जितकं लोखंड जास्त, जितकं जवळ आणि जितकं जोरात हलतं तितका व्होल्टेज जास्त. नऊच्या सेटमध्ये पहिली 9 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), दुसरी 11, तिसरी 16, तिन्ही प्लेन स्टील, वरून काही न गुंडाळलेल्या. लोखंड किती हे जाडीच्या वर्गावर जातं, म्हणून 9 चा वर्ग 81, 11 चा 121, 16 चा 256. म्हणजे दुसरीवरून तिसरीवर गेलास की पोलसमोरचं लोखंड दुपटीहून जास्त झालं, आणि पहिलीशी तुलना केलीस तर तिपटीहून जास्त. पुढे चौथी 24 ची, पण ती वाउंड, आतली कोअर तिसरीपेक्षा बारीक, वरून गुंडाळलेली निकेल प्लेटेड स्टीलची वायर थोडी मदत करते पण कोअरइतकी नाही. म्हणून तिसरी दोन्ही बाजूंनी उंचावर दिसते, खाली चौथी आणि वर दुसरी, दोघी तिच्यापेक्षा कमी. प्रत्यक्षात फ्रिक्वेन्सी, टेन्शन, तुझा हात किती जोरात पडतो हे सगळं मिसळतं त्यामुळे आवाजातला फरक अगदी या आकड्यांइतका येत नाही, पण दिशा हीच राहते.

आणि याच्यावर एक जुनी गोष्ट येऊन बसलेली आहे. 1954 मध्ये स्ट्रॅट आली तेव्हा लोक जाड सेट लावायचे आणि तिसरी तार वाउंड असायची. वाउंड तिसरीची कोअर बारीक, आवाज कमी, म्हणून तिचा पोल उंच ठेवला, आणि दुसरी तेव्हा सगळ्यात जाड प्लेन तार होती म्हणून तिचा पोल सगळ्यात ठेंगणा. शिवाय फ्रेटबोर्डचा रेडियस सव्वासात इंच, म्हणजे चांगला गोल, मधल्या तारा पिकअपपासून लांब, त्याचीही भरपाई त्या उंच-ठेंगण्यात होती. सगळं बरोबर होतं त्या काळच्या तारांसाठी. मग साठच्या दशकात हलक्या सेट आल्या, तिसरी प्लेन झाली, रेडियस पुढे साडेनऊ आणि बारा इंचांपर्यंत सपाट होत गेला, पण तो उंच तिसरा पोल व्हिंटेज म्हणून आजही लावतात. सत्तरच्या दशकात फेंडरने स्वतः पोल सपाट केले होते, नंतर लोकांच्या आवडीखातर पुन्हा स्टॅगर (उंच-ठेंगणे पोल) आलं. म्हणजे तुझ्या पिकअपला स्टॅगर असेल तर जी तार मुळातच मोठी आहे तिच्याच खाली सगळ्यात उंच मॅग्नेट उभा आहे. आधी वाकून बघ, पोल वर-खाली आहेत की सपाट.

माझा एकच नियम आहे आणि तो मी कुणाच्याही गिटारवर सोडत नाही: मोठ्या आवाजाच्या तारेचा आवाज खाली आणायचा, दबलेलीला वर ओढायचं नाही. दबलेली पहिली ऐकू यावी म्हणून लोक पिकअप वर वर घेत जातात, आणि मग मॅग्नेट तारेलाच खेचायला लागतो. अल्निको 5 (जोरदार मॅग्नेटचा मिश्रधातू) च्या पिकअपवर हे लगेच कळतं, वरच्या फ्रेटवर जाड तारा वाजवल्या की एक सूर दोन असल्यासारखा लहरतो, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरचा सूर जुळवणं) कितीही करा बसत नाही, सस्टेन (सूर टिकणं) मरतो, आणि माणूस बिचारा सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) फिरवत बसतो. लेव्हल कमी पडली तर ती मिक्सरवर किंवा प्रोसेसरवर वाढवता येते, मॅग्नेटने धरलेली तार कुठेच सुटत नाही.

पिकअपला हात लावायच्या आधी तारा नव्या लाव. जुन्या वाउंड तारा आधी मरतात आणि प्लेन तारा त्यामानाने टिकतात, त्यामुळे गरब्याच्या प्रॅक्टिसमध्ये घामाने भिजलेल्या महिनाभराच्या सेटवर चौथी दबलेली वाटणारच, त्यात पिकअपचा दोष नाही. दुसरं म्हणजे नेक. आपल्याकडे बडोद्यात पावसाळ्यात नेक हलते, नवरात्र पावसाळा संपता संपताच येतं, म्हणून ट्रस रॉड (नेकमधली सळई) आणि अ‍ॅक्शन (तारांची उंची) आधी बसवून घे, नाहीतर पिकअपचं अंतर आज मोजशील आणि महिन्याने ते वेगळं असेल. तिसऱ्या तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर अचानक विझतो तो पण पिकअपमुळे नाही, तो नेकचा डेड स्पॉट, त्याला पोलने काही होत नाही.

सेटबद्दल एक सांगतो, बोटांना चालत असेल तर दहाची लावून बघ. त्यात दुसरी 13 आणि तिसरी 17, वर्ग 169 आणि 289, म्हणजे उडी दुपटीहून जास्तीची पावणेदोन पटीवर आली. हा फरक कानाला कळतो, आणि खर्च फक्त एका सेटचा. काही जण म्हणतील वाउंड तिसरीची सेट लाव, बॅलन्स सुंदर होतो, ते खरंच आहे, पण तिच्यावर बेंड (तार ओढून सूर चढवणं) निघत नाही आणि गरब्यात शहनाईच्या किंवा गाण्याच्या ओळी उचलायच्या तर बेंड लागतातच, म्हणून तुला ते नाही सांगणार.

आता मोजायचं कसं. फक्त कानावर सोडलंस तर रोज वेगळं वाटेल, कारण हात रोज वेगळा पडतो. गिटार ऑडिओ इंटरफेसमधून लॅपटॉपला जोड, ऑडेसिटी (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, सगळे इफेक्ट बंद, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे. एक एक तार मोकळी वाजव, नंतर पाचव्या आणि बाराव्या फ्रेटवर, पिक नेहमी एकाच जागी पडू दे. अगदी पक्कं हवं असेल तर बारीक एनॅमलची वायर तारेखालून घालून दोन्ही टोकं धरून सरळ वर ओढायची, वायर तुटते आणि तार सुटते, प्रत्येक वेळी तेवढ्याच जोरात, कारण वायर तुटायचा जोर ठरलेला असतो. ही पद्धत वाद्यांवर प्रयोग करणारे लोक वापरतात आणि घरी सहज जमते, डोळ्यांवर चष्मा लाव फक्त. प्रत्येक तारेचा पीक लिहून ठेव आणि त्यानंतर अर्ध्या सेकंदाने किती उरतो तो पण, कारण कधी कधी पीक सारखा असतो आणि सस्टेन वेगळा, कानाला मात्र दोन्ही मिळून ऐकू येतं.

सहाच्या सहा आकडे सारखे करायच्या मागे लागू नकोस. दोन-तीन डेसिबलच्या आत आले की पुरे, आणि पहिली-दुसरी थोडी वर राहिली तरी चालेल, कारण मेलडी तिथे आहे आणि मैदानात कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल यांच्या गर्दीतून तीच बाहेर यायला हवी. ओळ वाजवताना तिसरीवरून दुसरीवर जातोस तिथे खड्डा पडायला नको, हे खरं तपासायचं.

मग उंची. दोन्ही टोकाच्या तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून धर आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलच्या माथ्यापर्यंत मोज. फेंडरचा साध्या सिंगल कॉइलसाठीचा आकडा जाड बाजूला 2 मिमी आणि पातळ बाजूला 1.6 मिमीच्या आसपास आहे, व्हिंटेज टाइपच्या जोरदार मॅग्नेटला त्यापेक्षा थोडं लांब, 2.4 आणि 2. तिथून सुरू कर आणि पिकअपच्या टोकाचा स्क्रू फिरवून जाड बाजू खाली घेत जा, अर्धा-अर्धा आटा, प्रत्येक वेळी वाजवून. बऱ्याच गिटारींमध्ये निम्मं भांडण इथेच मिटतं, कारण जाड बाजू खाली गेली की पातळ तारा आपोआप पुढे येतात. तिन्ही पिकअप आपापसात पण जुळवून घे. नेकच्या पिकअपवर तारेचं झोके घेणं मोठं असतं म्हणून तो लांब, ब्रिजचा जवळ. स्क्रूड्रायव्हर पितळी टोकाचा मिळाला तर उत्तम, स्टीलचा मॅग्नेटला जाऊन चिकटतो आणि कॉइलवर आपटला तर पिकअप गेला.

आणखी एक बघून ठेव, पहिली तार पोलच्या मधोमध जाते का. ब्रिज एक मापाचा आणि पिकअप दुसऱ्या मापाचा असं बजेट गिटारींमध्ये होतं, पहिली पोलच्या कडेवरून किंवा बाहेरून जाते आणि मग दबते. नेकच्या बोल्टमध्ये थोडी जागा असेल तर बोल्ट जरा सैल करून, तारेच्या ओढीने नेक किंचित सरकवून पुन्हा आवळता येते.

तिरकं करून टोकाच्या तारा जुळतात पण मधली तिसरी तशीच उभी राहते, कारण तिरक्या रेषेने मधला एक सुळका खाली जात नाही. मग पोलकडे वळायचं, आणि इथे आधी ओळखायचं की तुझ्या गिटारमध्ये पिकअप कुठल्या जातीचा आहे. तारा ढिल्या कर, पिकगार्ड उचल, पिकअप उलटा करून बघ.

खाली चपट्या पट्टीसारखा काळा-करडा सिरॅमिक मॅग्नेट चिकटवलेला दिसला तर वरचे सहा पोल मॅग्नेट नाहीतच, साधे लोखंडाचे दांडे आहेत, आणि बहुतेक बॉबिन (वायर गुंडाळायची रीळ) प्लास्टिकचं एकसंध. बजेट गिटारमध्ये हेच असतं, तुझ्यातही हेच निघायची शक्यता जास्त. हे तुझ्या फायद्याचं आहे, कारण प्लास्टिकच्या बॉबिनमध्ये दांडा आणि वायर यांच्यामध्ये प्लास्टिकची भिंत असते, दांडा सरकला तरी वायरला घासत नाही. दोन पट्ट्या असतील आणि दांडे त्यांच्या मधून खाली निघालेले असतील तर दांडा खाली दाबता येतो. एकच पट्टी थेट दांड्यांच्या खाली असेल तर खाली जागाच नाही, मग पट्टी काढल्याशिवाय जमत नाही, आणि सिरॅमिक तुटतो, म्हणून ते काम ज्याने केलेलं आहे त्याच्याकडूनच.

दाबायची पद्धत अशी. आधी मल्टिमीटरने कॉइलचा रेझिस्टन्स मोजून लिही, साधारण पाच-सात किलोओहम येईल. लाकडाच्या ठोकळ्याला पोलपेक्षा जरा मोठं भोक पाड, बॉबिन त्यावर असं ठेव की तिसऱ्या पोलखाली भोक येईल आणि बाकी बॉबिनला आधार राहील. वरून पितळेचा दांडा, पोलपेक्षा किंचित बारीक, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कुठलाही लेथवाला पाच मिनिटांत काढून देतो. दाबायचं वाइसने, हळू, हातोडी अजिबात नाही. पिकअप मेणात बुडवलेला असेल तर हेअर ड्रायरने जरा कोमट कर, फार नाही, प्लास्टिक वाकतं. अर्धा मिमी दाब, मीटर लाव, पिकअप बसव, तारा लाव, वाजव, मोज. कंटाळवाणं आहे पण तबला मिळवताना जसं एका घरावर जोर न देता थोडं थोडं करत फिरतो तसंच हे आहे, एकदम दीड मिमी दाबलेलं परत वर काढणं कठीण जातं. तिसरीला बहुतेक वेळा एक ते दीड मिमीत काम होतं, दुसरीला लागलंच तर अर्धा. खालून दांडा बाहेर आला असेल तर बॉडीतल्या खड्ड्याच्या तळाला टेकत नाही ना ते बघ.

आता उलट परिस्थिती. खाली पट्टी नाही, काळ्या किंवा करड्या फायबरच्या पातळ प्लेटमध्ये सहा गोल दांड्यांची टोकं दिसतात, तर ते दांडे स्वतः अल्निको मॅग्नेट आहेत आणि वायर थेट त्यांच्यावर गुंडाळलेली आहे, फार तर मध्ये लॅकरचा पातळ थर. तो दांडा हलवला की आतल्या टर्न्सचं एनॅमल खरवडलं जातं किंवा वायर तुटते. पिकअप त्या क्षणी मरतो नाहीतर काही महिन्यांनी कुरकुरत मरतो. हातोडीवाल्या मित्राचा सल्ला इथे कृपा करून ऐकू नकोस. जुना किंवा ओरिजिनल पिकअप असेल तर अजिबातच नाही, तसा परत बनवून मिळत नाही.

त्याच्यासाठी दुसरा रस्ता आहे, पोल न हलवता त्याचा जोर कमी करायचा. अल्निकोची चुंबकशक्ती विरुद्ध फील्डने बऱ्यापैकी सहज कमी होते, आणि छोटा निओडायमियम डिस्क मॅग्नेट, 6 मिमीचा, त्याला पुरतो. तारा पूर्ण काढ. डिस्कची कुठली बाजू पोलला ओढते आणि कुठली ढकलते ते लांबूनच बघ आणि ढकलणाऱ्या बाजूवर खूण कर. ती बाजू खाली करून तिसऱ्या पोलवर सरळ वरून हळूहळू खाली आण, घट्ट धरून, कारण हातातून उलटला तर चिकटेल आणि उलटं काम होईल. सेंटिमीटरभर अंतरावर थांब, सरळ वर उचल, तारा लावून मोज. कमी पडलं तर अजून थोडं जवळ. शेजारच्या पोलवर तिरका नेऊ नकोस, आणि मधल्या पिकअपची पोलॅरिटी (उत्तर-दक्षिण ध्रुव) बऱ्याच गिटारमध्ये उलटी असते, म्हणून प्रत्येक पिकअपवर खूण नव्याने कर. जास्त झालं तर ओढणारी बाजू लावून परत जोर भरता येतो, म्हणून मला ही पद्धत दाबण्यापेक्षा सुरक्षित वाटते. त्या तारेचा टोन जरा मऊ होतो, तिसरीच्या बाबतीत ते बहुतेकांना आवडतं. सिरॅमिकवर हे चालत नाही, तो इतक्या सहज सोडत नाही.

हे सगळं करताना वर्कबेंचवर स्टील वूल किंवा लोखंडाचा कीस असता कामा नये. पोलवर कागदी टेप लाव, काम झाल्यावर काढ. कीस एकदा मॅग्नेटला लागला की कॉइलपर्यंत जातो.

ब्रिजला हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) टाकायचा विचार आहे म्हणालास, त्यात हे काम सोपं आहे. एका रांगेत स्क्रू असतात, ते फिरवण्यासाठीच असतात. तिसरा स्क्रू एक-दोन आटे खाली, मेट्रिक असेल तर एका आट्याला अर्धा मिमी. फक्त अपेक्षा जास्त ठेवू नकोस, दुसऱ्या कॉइलचे दांडे फिक्स असतात आणि निम्मा आवाज त्यांच्यातून येतो, म्हणून स्क्रूचा परिणाम हळुवारच राहतो. आणि ब्लेडवाला (पोलऐवजी सलग पट्टी असलेला) पिकअप घेतलास तर त्याला पोलच नाही, बेंड करताना आवाज पडत नाही हा फायदा, पण एका तारेला वेगळं काही करता येत नाही.

प्रोसेसरमध्ये कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा इफेक्ट) लावून हे लपवता येईल का असं पण विचारलंस. थोडं लपतं, आणि ड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) जास्त असेल तर बरंच लपतं, कारण ड्राइव्ह स्वतःच कॉम्प्रेस करतो. पण मग तिसरी तार कॉम्प्रेसरला सगळ्यात जास्त दाबते, ड्राइव्हवर सगळ्यात आधी फाटते, आणि पहिली क्लीनच राहते, म्हणजे फरक व्हॉल्यूममधून निघून टोनमध्ये गेला. गिटारवर बॅलन्स करून मग कॉम्प्रेसर हलका लाव, दोन्ही छान वागतात.

तुझ्या मित्राच्या अकुस्टिकचं वेगळं आहे. साउंडहोलमध्ये मॅग्नेटिक पिकअप लावलाय आणि दुसरी तार फाटून बाहेर येते, बेस ऐकू येत नाही, तर त्याच्या तारा ब्रॉन्झच्या असणार. ब्रॉन्झला मॅग्नेट ओळखत नाही, वाउंड तारांची फक्त आतली कोअर ऐकू येते, आणि पहिल्या दोन प्लेन स्टीलच्या पूर्ण ऐकू येतात, त्यात दुसरी जाड. अकुस्टिकच्या सेटमध्ये तिसरी वाउंड असल्यामुळे तिथे सुळका दुसरीचा असतो. पिकअपला फिरणारे स्क्रू असतील तर दुसरा पूर्ण खाली, पहिला थोडा खाली, बाकीचे जरा वर. स्क्रू नसतील तर त्याने इलेक्ट्रिकची निकेलची सेट लावून बघावी, बॅलन्स लगेच सुधारतो, पण माइकवर किंवा नुसती वाजवताना अकुस्टिकचा तो खणखणीतपणा कमी होतो, आणि तो स्टेजवर फक्त पिकअपवरच वाजवत असेल तरच हे करण्यात अर्थ आहे.